पालथी पाटी

आमच्या ठाण्याच्या फोटोगॅलरीत रविवारी एक गाइड मुलगी सगळ्यांना प्रदर्शन फिरवून दाखवते. कोळीवाड्यातल्या एक मावशी दरवेळी येतात, कुणी न सांगता दारात चपला काढतात आणि सगळ्यांच्या पुढे उभ्या राहतात.

एकदा कोळिणीच्या फोटोपाशी गाइड म्हणाली, "ही सकाळी सकाळी बाजाराला निघालीय."

"निघाली नाय गो, घरी चाललीय," मावशी म्हणाल्या. "डोक्यावर पाटी पालथी हाय बग. मासली इकली का धुवून पालथी नेतो आमी."

पोरगी लालबुंद झाली.

पुढच्या रविवारी तिने नव्या लोकांना ऐटीत सांगितलं, "ही बाजार उरकून घरी चाललीय."

मावशींनी शाळेतल्यासारखा हात वर केला आणि भाबडेपणाने विचारलं, "कशावरून गो?"