तिसऱ्यांदा घेतलेलं माप

पहिल्या बाळंतपणाला लेक माझ्याकडं दिघीला आली. बाळ झाल्यावर दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा, लिहून ठेवा. वरचा आकडा दीडशेच्या पुढं गेला तर लगेच फोन करा."

मोजायचं काम मी घेतलं. जावई म्हणाला, "मामा, मी रोज येऊन मोजतो." मी म्हटलं, "चौथीतच शाळा सुटली माझी, पण तीस वर्षं भोसरीच्या वर्कशॉपात मापंच घेतलीत. आकडे मला शिकवू नका."

वर्कशॉपात आमची एक रीत होती. जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, मापात बसला नाही की पुसायचा, फिरवून धरायचा, परत मोजायचा. तिसऱ्यांदा तरी बसायचाच. बसला की पास. तीच रीत मी लेकीच्या दंडावर चालवली. पहिल्यांदा एकशे साठ आलं. पट्टा सोडून परत बांधला, एकशे चोपन्न.

"अप्पा, हात दुखतोय."

"गप पड. श्वास सोड."

तिसऱ्यांदा एकशे सेहेचाळीस. तेवढंच वहीत लिहिलं. तीन दिवस असंच. खोटं लिहितोय असं वाटलंच नाही. माझ्या पोरीला काही होईल, हेच मन मानत नव्हतं.

चौथ्या दिवशी शेक घेऊन ती उठली आणि डोकं धरून बसली. बायको म्हणाली, "ओल्या बाळंतिणीचं डोकं दुखतंच. वारं लागलं असंल."

"आई, तुझं तोंड नीट दिसंना. नुसत्या ठिणग्या दिसत्यात."

पट्टा बांधला. एकशे बहात्तर. सवयीनं माझा हात परत पट्ट्याकडं गेला. तिनं दंड ओढून घेतला. "आता न्हाई अप्पा. हाच लिवा."

रिक्षा करून दवाखाना गाठला. जावई चाकणहून कंपनीतून तसाच आला. इंजेक्शन सुरू केल्यावर डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. "कालपर्यंत तर ठीक होतं. एकदम कसं वाढलं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. वहीत सगळं ठीक दिसत होतं, मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण औषध त्या आकड्यांवरनं ठरणार होतं.

"बाई, ही तिसरी मापं हायेत. पहिली मी लिवलीच न्हाईत."

"आठवतात?"

सगळी आठवत होती. मी एकेक सांगत गेलो, जावई लिहून घेत गेला. त्याचं पेन प्रत्येक आकड्याला जरा थांबायचं.

सहा दिवसांनी लेक घरी आली, बाळाला स्वतः उचलून. जावई मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.