ताश्कंदला गाजलेलं हसू

मन्मथआप्पा मूळचा निलंग्याकडचा. लग्नानंतर सासुरवाडीला, इस्लापूरला आला आणि सहस्रकुंड धबधब्याच्या वाटेवर भज्यांचा गाडा लावून बसला. घरजावई म्हणून लोकांनी काही वर्षं टोमणे मारले, मग भजी खाता खाता तेही विसरून गेले. माणूस साधा, व्यसन नाही, भांडण नाही. जगात त्याला एकच दुखणं होतं, ते म्हणजे समोरचा रत्नम्माचा गाडा. रत्नम्मा तेलंगणातली. ती मिरची बज्जी तळायची, आणि धबधबा बघायला आलेली गर्दी आधी तिच्याकडं वळायची. दिवसभर मन्मथचा हात कढईवर आणि डोळा तिच्या गिऱ्हाइकावर असायचा.

काही पावसाळ्यांमागं एका हिंदी सिनेमाच्या लोकांनी धबधब्यावर गाण्याचं शूटिंग केलं. पुढं हिरो-हिरोईन भिजत नाचणार, आणि मागं खरा गाडा, खरा भजीवाला हवा म्हणून मन्मथला उभं केलं. "कॅमेऱ्याकडं बघायचं नाही," एवढंच त्याला बजावलं होतं. मन्मथनं ते इतकं मनावर घेतलं की हिरोईन घसरून पडली तरी त्यानं मान वळवली नाही. सबंध गाणंभर तो चौकटीबाहेर एकाच दिशेला बघत राहिला, आणि शेवटी असं काही गोड हसला की विचारू नका.

सिनेमा आपल्याकडं सपाटून आपटला. किनवटला तर तो लागलाच नाही. पण उझबेकिस्तानात का कोण जाणे, तुफान चालला. तिकडच्या बायांनी हिरोला सोडलं आणि मागच्या भजीवाल्याला धरलं. पुढं एवढी देखणी पोरगी नाचते आहे, आणि हा माणूस ढुंकून बघत नाही! मग हा हसतो कुणाकडं बघून? चौकटीबाहेर कोण उभी आहे? यावर तिकडं मोबाइलवर चर्चा झडल्या, बाया रडल्या, दोन मैत्रिणींनी तर याच वादावरून अबोला धरला म्हणे.

दसऱ्याच्या सुमारास ताश्कंदहून गुलनोरा नावाची बाई मैत्रिणींना घेऊन थेट मन्मथच्या गाड्यापुढं उतरली. हिंदी सगळं सिनेमातून शिकलेली, त्यामुळं ती साधं पाणी मागायची तेसुद्धा कोर्टात साक्ष दिल्यासारखं.

"बाबूजी," ती हात जोडून म्हणाली, "आपको आपकी माँ की क़सम! बताइए, वो कौन थी?"

शेजारी कांदा चिरत बसलेल्या तारामतीनं, म्हणजे मन्मथच्या बायकोनं, विळी बाजूला सारली. शूटिंगच्या दिवशी ती माहूरला देवीच्या दर्शनाला गेली होती. गुलनोरानं मोबाइल पुढं धरला, आणि तारामतीनं नवऱ्याचं ते हसू पहिल्यांदा पाहिलं. मग नवरा जिकडं बघत होता तिकडं तिनं मान वळवली. तिथं रत्नम्माचा गाडा होता.

"माझ्याकडं बगून कदी असं हासले न्हाई तुमी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मन्मथ घाबरला.

"आगं, मला काय याद हाय का? उगं हासलो आसंन."

"उगं कोन हासतंय? आन् ते बी असं?"

तारामती तरातरा समोर गेली. मागोमाग उझबेकी मंडळी.

"रत्नम्मा, शूटिंगच्या दिवशी तू हितंच हुतीस ना?"

"अय्यो, मी कुठली! लेकीच्या बाळंतपनाला आदिलाबादला गेले होते. ताडपत्री टाकून गाडा बंद होता माझा."

तारामती वळली. मन्मथनं मान खाली घातली होती.

"म्हंजे हिचा गाडा बंद बगून हासून राहिले होते तुमी?"

"लई गिऱ्हाईक हुतं त्या दिवशी," मन्मथ पुटपुटला. "समदे शूटिंगवाले माझ्याकडंच."

रत्नम्मा हसून हसून बाकड्यावर बसली. तारामतीलाही हसू यायला हवं होतं. संशय फिटला होता, संसारावर आलेलं टळलं होतं. पण तिला काही हसू येईना. एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या तोंडावर इतकी माया तिनं कधी बघितली नव्हती, आणि ती माया निघाली एका ताडपत्रीसाठी. याचं तिला भारी वाईट वाटलं.

"कौन थी, माँ जी?" गुलनोरा कळवळून विचारत होती.

तारामतीनं पदर सारखा केला. "मैं थी," ती म्हणाली.

गुलनोरानं तिला घट्ट मिठी मारली. "हमारे यहाँ लोग दिल छुपाते हैं, माँ जी! आपके सिनेमा में तो पकौड़े तलनेवाला भी पूरा दिल लेकर खड़ा रहता है. हम वही देखने आते हैं." मग तिला फोटो हवा झाला. तारामतीनं त्याच जागी, रत्नम्माच्या गाड्यापुढं, उभं राहायचं, आणि बाबूजींनी तसंच हसायचं.

मन्मथ हसायला गेला. आधी नुसते दात दिसले, मग दाढ दुखत असल्यासारखं तोंड झालं. कारण उघड होतं. तारामतीच्या मागं रत्नम्माच्या गाड्याला गराडा पडला होता, आणि मन्मथची नजर बायकोच्या खांद्यावरून तिकडंच जात होती. ऊन चढत गेलं तसा तारामतीचा चेहरा उतरत गेला.

शेवटी रत्नम्मालाच दया आली. तिनं गिऱ्हाइकांना बाजूला केलं आणि ताडपत्री ओढून गाडा झाकला. त्याबरोबर मन्मथच्या तोंडावर ते हसू आपसूक फुललं. फोटो निघाला. उझबेकी बाया ढसाढसा रडल्या आणि तृप्त होऊन जीपमध्ये बसून गेल्या. रत्नम्मानं ताडपत्री काढली, गर्दी पुन्हा जमली. मन्मथनंही कढईत घाणा सोडला.

तारामती मात्र जागची हलली नाही.

"चल की, कांदा संपलाय," मन्मथनं हाक मारली.

"त्यांचं झालं," ती तिथूनच म्हणाली. "आता माझं. तिचा गाडा चालूच ऱ्हाऊ द्या, आन् बगा."

मन्मथ बघायला लागला. नजर सवयीनं गर्दीकडं गेली, ती त्यानं ओढून परत आणली. कपाळावरचा घाम, कांद्यानं लाल झालेले डोळे, सकाळपासून उन्हात उभी राहिलेली आपली बायको. हसू काही आलं नाही त्याला. हातातला झारा तेवढा त्यानं खाली ठेवला. समोर कुणीतरी आणखी एक प्लेट बज्जी मागत होतं, पण ते त्याच्या कानावर आलं नाही.

"बस झालं आता," तारामतीच लाजली. "आवो, घाणा जळून राहिला!"

"जळू दे," मन्मथ म्हणाला.