शिवेचा दगड आणि आमची अब्दागिरी

आमच्या घराण्याला एक मान आहे. माझं लग्न ठरताना हे मुलीकडच्यांना सांगितलं, तेव्हा माझे सासरे खुर्चीत जरा पुढं सरकून बसले. मान म्हणजे जमीन असावी, निदान एखादी विहीर तरी, असं त्यांना वाटलं असणार. मग माझ्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आप्पांनी, खुलासा केला. दसऱ्याला राजा शिलंगणाला निघाला की त्याच्या डोक्यावर अब्दागिरी धरायची, ती आमच्याच घरानं. दुसऱ्या कुणी दांड्याला हातसुद्धा लावायचा नाही. सासरे पुन्हा मागं टेकून बसले आणि त्यांनी पोह्यांकडं लक्ष दिलं.

अब्दागिरी म्हणजे लांब दांड्यावर बसवलेलं, जरीकाम केलेलं मोठं पान. राजाला ऊन लागू नये म्हणून धरायचं. बायकोनं लग्नानंतर ती पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाली, "छत्रीच की!"

"छत्री मिटते," मी म्हणालो. आमच्या मानाच्या बाजूनं मी केलेला हा एवढाच युक्तिवाद. तो तिनं आजपर्यंत लक्षात ठेवला आहे. कुठं पावसात सापडलो की ती मिटणारी छत्री माझ्यापुढं धरते आणि म्हणते, "धरा, तुमच्या घराण्याचं काम आहे."

आता राजाविषयी. राजा म्हणजे काही फार मोठा नव्हे. मंगळवेढ्याच्या अलीकडं आमचं गाव. ते आणि आसपासची दोन-चार काळ्या मातीची गावं मिळून एक जहागीर होती, एवढंच. ती गेली तेव्हा आमचे राजे नुकतं चालायला शिकले असतील. म्हणजे राज्य असं त्यांनी कधी केलंच नाही. वाड्यात शाळा भरू लागली, जमिनी कुळांकडं गेल्या, तनखा बंद झाला. उरलं ते दसऱ्याचं शिलंगण. त्या दिवशी गाव त्यांना सरकार म्हणतं, ते गावातून चालत शिवेपर्यंत जातात, शिवेच्या दगडापाशी आपट्याची फांदी रोवलेली असते, तिला तलवार लावतात. मग लोक पानांवर तुटून पडतात आणि सरकारांचं काम वर्षभरासाठी संपतं.

मी सोलापुरात शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. जन्मावरून कुणी मोठा नसतो, हा धडा मी इतक्यांदा शिकवला आहे की खडू हातात घेतला की तो आपोआप फळ्यावर उतरतो. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीनं गावी जाऊन आप्पांच्या मागं उभं राहून, ते दांडा कसा धरतात ते बघत असे. यात काही विसंगती आहे असं मला कधी वाटलं नाही. सुट्टी होतीच.

आमचे राजेही सोलापुरातच राहतात, होटगी रस्त्याला, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आमच्या घराजवळ औषधांचं एक दुकान आहे, तिथं ते रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येतात. अधूनमधून आमची गाठ पडते. गाठ म्हणजे काय, ते रांगेत पुढं आणि मी मागं. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. दुकानातली मुलगी म्हणते, "काका, चिठ्ठी दाखवा," आणि ते दाखवतात. अशा वेळी मुजरा करावा की नमस्कार, हे मला ठरवता येत नाही, म्हणून मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचत उभा राहतो. त्यांनाही बहुधा हेच बरं वाटत असावं. तेही वर पंख्याकडं बघतात.

गावाचं त्यांच्याविषयी काय मत आहे, हे ऐकायचं तर स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर बसावं. गाडा चालवतात ते गृहस्थ साठीच्या पुढचे, त्यांना सगळं गाव मामू म्हणतं. मामूंच्या आज्याकडं वाड्याच्या दरवाजावर नगारा वाजवायचा मान होता. मामूंनी तो तरुणपणीच सोडला. "क्या मास्तर," ते मला दरवर्षी विचारतात, "आला का राजाला सावली द्यायला? मी नगारा टाकून किटली धरली, तू पुस्तक टाकून दांडा धर." राजेशाहीविषयी त्यांचं मत साधं आहे. "पैलं राजा घोड्यावरनं जायाचा, आता आमदार गाडीतनं जातो. धूळ आपल्याच चहात." बाकावरचे हसतात. कुणी म्हणतं, सरकारांनी आयुष्यात काय केलं, तर जन्माला आले. कुणी म्हणतं, ते तरी कुठं त्यांच्या हातात होतं? असा हा दरबार रोज भरतो आणि राजाला रोज पदच्युत करून दूध संपलं की उठतो.

गेल्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. आप्पा गोठ्यात घसरले आणि त्यांचा खांदा निखळला. अब्दागिरी माझ्याकडं आली. आणि राजांच्या मुलाचा पुण्याहून सरपंचांना फोन आला की बाबांचे गुडघे गेलेत, डॉक्टर नको म्हणतायत, तरी ते हट्टाला पेटलेत म्हणून यंदा आणतो. पण शिवेपर्यंत चालता आलं नाही तर हे शेवटचं. पुढच्या वर्षापासून तुमचं तुम्ही बघा. फांदीला तलवार लावायला हवं तर एखाद्या पुढाऱ्याला बोलवा.

सरपंचांनी हे गाड्यावर सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही, असं मला नंतर कळलं.

आप्पांनी मला गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेत अंगणात शिकवणी दिली. माझ्या पुढं घरातलीच म्हैस राजा म्हणून उभी केली होती.

"मागं ऱ्हायाचं," आप्पा म्हणाले. "पाठीमागं, दोन हातावर. पुडं जायाचं न्हाय."

"पण आप्पा, रस्ता मावळतीकडं जातो. ऊन समोरून येणार. मागून धरली तर सावली त्यांच्यावर कशी पडेल?"

"तुला काय करायचंय?"

"म्हणजे सावली आपल्यावरच पडते की. धरणाऱ्यावर."

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी म्हशीला नागरिकशास्त्र शिकवत होतो. "आज्यानं मागनंच धरली, बापानं मागनंच धरली, मी मागनंच धरली. म्होरं गेलास तर तंगडं मोडीन. एवडं ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं, पण मनातून हसलो. इतक्या पिढ्या आमच्या घराण्यानं राजाच्या नावाखाली स्वतःलाच सावली धरली आणि त्याला मान म्हटलं, हा शोध मला फार आवडला होता. शाळेत सहकाऱ्यांना सांगण्यासारखा होता.

दसऱ्याला दुपार कलली आणि सरकार गाडीतून उतरले. डोक्याला फेटा, अंगात लांब कोट, आणि खाली डॉक्टरांनी सांगितलेले पांढरे स्पोर्ट शूज. तलवार म्यानासकट काठीसारखी टेकत ते उभे राहिले, श्वास घेतला आणि निघाले. हलगी वाजू लागली. मुलगा शेजारून चालत होता, हात पुढं करायचा आणि लोकांनी बघू नये म्हणून मागं घ्यायचा. मागं जीप, जीपमध्ये आप्पा. आणि दोन हातांवर मी, सावलीत.

गाव संपेपर्यंत ठीक होतं. बायकांनी ओवाळलं, कुणी मोबाइल उंच धरले. गाव संपलं, दोन्ही बाजूंना नुकत्याच पेरलेल्या ज्वारीची रानं लागली आणि ऊन थेट तोंडावर आलं. सरकारांनी एक हात कपाळावर आडवा धरला. दोन पावलं गेले, थांबले. पुन्हा हात धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पाऊल कुठं टाकावं ते कळत नव्हतं, तलवार एकदा खड्ड्यात टेकली आणि ते हलले. मुलाचा चेहरा उतरला. आता हे पडणार आणि इथंच सगळं संपणार, असं मलाही वाटलं.

तेव्हा माझ्यातला शिक्षक जागा झाला. मी वळसा घालून पुढं गेलो, उलटा चालू लागलो आणि अब्दागिरी सूर्य आणि सरकार यांच्या मधोमध धरली. घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदा अब्दागिरीची सावली राजाच्या तोंडावर पडली. जीपमध्ये आप्पा उभे राहून चांगला हात जोरजोरात हलवत होते. मला वाटलं, शाबासकी.

सरकारांनी हात खाली घेतला, डोळे पुसले आणि त्यांची पावलं सुधारली. खरंच सुधारली. कपाळावरची आठी गेली. ते ताठ चालत रस्त्याकडेच्या लिंबाखाली आले. तिथं आपट्याची फांदी रोवलेली होती. हलगी चढली. लोक पुढं सरसावले.

सरकार फांदीपाशी थांबले, पण त्यांनी तलवार काढली नाही. ते माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "तो तांबडा दिसतोय, तो शिवेचा दगडच ना?"

मी वळून बघितलं. एक अख्खं रान ओलांडून, रस्ता वळतो तिथं शेंदूर फासलेला दगड उन्हात चमकत होता. शिक्षकाला प्रश्न विचारला की उत्तर देण्याची खोड असते. "होय सरकार," मी म्हणालो, "तोच."

"मग फांदी इथं कशी?"

हलगी थांबली. मी लोकांकडं बघितलं तर सगळे आपापल्या चपलांकडं बघत होते. त्यात रोज राजाला पदच्युत करणारे सगळे होते. आप्पा जीपमध्ये मटकन बसले. मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. दरवर्षी सरकारांची चाल मंदावत होती आणि दरवर्षी कुणीतरी फांदी थोडी अलीकडं आणून रोवत होतं. समोरच्या उन्हात त्यांना पलीकडचा दगड दिसत नव्हता. मागून धरायची, पुढं जायचं नाही. हे मला सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी सोलापूरकर, आदल्या दिवशी येणारा आणि मिरवणुकीत फक्त आप्पांचा दांडा बघणारा.

मामू गर्दीतून पुढं आले. खांद्यावर चहाचं फडकं तसंच होतं.

"सरकार," ते म्हणाले, "शीव सरकलीया. ग्रामसभेत ठराव झाला."

"कधी झाला?"

"दर साली हुतो जी."

हे बोलून गेल्यावर मामूंच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. त्यांनी फडकं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकलं. सरपंचांनी खाली घातलेली मान आणखी खाली घातली. असा कुठलाही ठराव कधी झालेला नव्हता, हे सांगायला नकोच.

सरकार त्या दगडाकडं बराच वेळ बघत राहिले. त्यांनी तलवारीवरचा भार एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला. तिथपर्यंत जावं की काय, याचा ते अंदाज घेत होते, हे स्पष्ट दिसत होतं. रान लांब होतं. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, राहू दे." माझ्या हातातली अब्दागिरी जड झाली होती, पण आता ती बाजूला करावी की तशीच धरावी, हेही मला कळेना.

"एकमतानं झाला?" सरकारांनी विचारलं.

"एकमतानं, सरकार," मामू म्हणाले. मागून पाच-सहा जण म्हणाले, "व्हय, एकमतानं."

"आमच्या पूर्वजांनी शीव सरकवायला माणसं मारली," सरकार म्हणाले. "तुम्ही नुसत्या ठरावावर सरकवता." आणि मग जरा थांबून, "ग्रामसभेपुढं आमचं काय चालणार?"

त्यांनी तलवार काढली आणि फांदीला लावली. लोक पानांवर तुटून पडले, हलगीला पुन्हा कंठ फुटला. त्या गडबडीत मुलानं मामूंना बाजूला घेतलं. मी जवळच होतो. पुण्याच्या माणसाच्या आवाजात तो म्हणाला, "पुढच्या वर्षी हा ठराव कुठपर्यंत येणार आहे?"

"गाडीच्या दारापतुर आणू की," मामू म्हणाले. "तुमी आणा म्हंजे झालं."

मामूंनी पुढं केलेली आपट्याची पानं मुलानं घेतली, बघितली आणि खिशात ठेवली.

घरी परतल्यावर आप्पांनी माझं तंगडं मोडलं नाही. त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, जे त्यांच्या मते जास्त होतं. शाळा उघडली तेव्हा नववीच्या वर्गात माझा उलटा चालतानाचा व्हिडिओ माझ्या आधी पोचला होता. "सर, तुम्ही राजाचे कोण?" एकीनं विचारलं. मी म्हणालो, पुस्तकं काढा.

दिवाळीच्या आधी औषधाच्या दुकानात रांग होती. पुढं पांढरा शर्ट आणि कापडी पिशवी. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी खोकल्याची बाटली उचलणार, तेवढ्यात ते वळले.

"आप्पांचा खांदा कसा आहे?"

"बरा आहे. पण दांडा पेलणार नाही आता. मीच धरेन." पुढं काय म्हणावं ते न सुचून मी विचारलं, "तुम्ही येणार ना?"

"पोरगा आणतो म्हणालाय." त्यांनी पिशवीची घडी सारखी केली. मग माझ्याकडं न बघता, पंख्याकडं बघत म्हणाले, "मास्तर, तेवढं मागून चालत चला. आम्हाला ऊन चालतं."

"काका, पुढं सरका," दुकानातली मुलगी म्हणाली.

ते पुढं सरकले. मी त्यांच्या मागं, दोन हातांवर उभा राहिलो.