सत्कार चालू असताना भरलेल्या बाटल्या

मॅनेजरनं हार थेट आमच्या ड्रायव्हरच्या गळ्यात घातला. मी शेजारीच उभी होते. एका हातात बर्फाची पेटी, दुसऱ्या हातात रिकाम्या बाटल्यांची पिशवी.

"म्या सायब न्हाय," मुजावर चाचा म्हणाले. "म्या गाडी चालवतो. सायब ह्या मॅडम हायेत."

मॅनेजर खळखळून हसला. "लई साधे बघा तुम्ही, साहेब!"

मीही सांगून पाहिलं, "सायंटिस्ट मी आहे. सॅम्पल घ्यायला आलेय."

"हो हो मॅडम, बसा की. चहा सांगतो." आणि शाल चाचांच्या खांद्यावर.

त्याचा तरी काय दोष? चाचा सहा फूट उंच, कडक इस्त्रीचा सफारी, झुपकेदार मिशा. मी पाच फूट, पायात चिखलाचे बूट. खरं दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगायची मला काही हौस नव्हती.

परंडा तालुक्यातला हा दूध प्रक्रियेचा कारखाना. सांडपाणी ओढ्यात सोडतात, अशी गावाची तक्रार. आमच्या प्रदूषण नियंत्रण खात्यानं याआधी दोनदा सॅम्पल नेलं, दोन्हीदा बीओडी अगदी कमी. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, त्याचं माप. दुधाचं सांडपाणी भलतंच खादाड असतं. इथलं मात्र उपास धरून बसलेलं!

दोन्ही वेळा सीनियर लोक गेले होते. तिसऱ्या वेळी मी हट्टानं फेरी मागून घेतली. आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, फिल्ड हे बायकांचं काम नाही. हेही सॅम्पल स्वच्छ आलं तर फाईल बंद, आणि तुम्ही कायमच्या लॅबमध्ये." लॅब मला आवडते. पण तिथं बसवून ठेवणार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

घरी वेगळीच तऱ्हा. आमचं घर धनगराचं. वडील म्हणतात, "शेरडामागं फिरू नको म्हणून एमएस्सी केलं तुला, अन् तू गटारामागं फिरतीस व्हय!"

पण शेरडांनीच मला वाट दाखवली. कारखान्यात शिरण्याआधी मी ओढ्यावर थांबले. तिथं गावातल्या सुबाबाई शेरडं घेऊन उभ्या होत्या.

"पीत न्हाईत ओ," त्या म्हणाल्या. "हुंगत्यात अन् माघारी फिरत्यात. सायब आल्यावर तेवढं पाणी नितळ व्हतंय. तिकडं हाफिसात टाळ्या वाजल्या, की जरा येळानं."

मी तिथंच हसले. नितळ पाणी म्हणजे बोअरचं, आणि आमच्या दुष्काळी भागात ते उगाच कोण सोडतं? सत्कार उरकून साहेब उठले, की मोटर चालू करायची. साहेब चालत मागच्या नाल्यापर्यंत पोचेस्तोवर घाण वाहून जाते. हे सगळं साहेबांच्या उठण्यावर बेतलेलं. आणि आज साहेब म्हणून भलताच माणूस बसला होता.

"साहेबांचं चालू द्या निवांत," मी मॅनेजरला म्हणाले. "तोवर बाटल्या भरून घेते."

त्यानं सुपरवायझरला हाक मारली. "यांना नाला दाखवा. कागदावर सही पण करून टाका."

"मग बोअरची—" सुपरवायझर पुटपुटला.

"साहेब अजून बसलेत ना!" मॅनेजरनं डोळे वटारले.

नाल्यावर नासक्या ताकाचा वास, वर पांढरी साय. मी सावकाश बाटल्या भरल्या, सील केल्या. कंपनीच्या वतीनं सुपरवायझरनं सही केली. पेटीचं झाकण लावलं आणि ऑफिसात टाळ्या कडाडल्या. लगेच मोटर गुरगुरली, नाल्यात स्वच्छ पाणी धो धो आलं.

मागोमाग मॅनेजर चाचांना घेऊन आला. "घ्या साहेब, सॅम्पल घ्या."

"म्या काय घिऊ? मॅडमनं घेतलं की," चाचा म्हणाले.

"मग रिपोर्ट कोण लिहिणार?"

"मीच," मी म्हणाले. "मघाशी सांगितलं होतं."

मॅनेजरनं आधी पेटीकडं पाहिलं, मग सुपरवायझरकडं. मोटर बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

गाडीत चाचा म्हणाले, "शाल खुर्चीवरच ठिवली, मॅडम. पेढा तेवढा खाल्ला. लई आग्रह केला ओ त्येंनी."

बीओडी जोरदार निघाला. नोटीस गेली. गंज चढत पडलेला सांडपाण्याचा प्लांट कारखान्याला दुरुस्त करून चालवावा लागला. पुढं सुबाबाईंची शेरडं ओढ्याच्या पाण्याला तोंड लावताना मी स्वतः पाहिली. त्या दिवशी बरोबर वडिलांनाही नेलं होतं. त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि हुंगून पाहिलं.

आमच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "पुढच्या महिन्यात जळकोटकडं जा. ड्रायव्हर तोच न्या."

"नको सर. मला आता सगळे ओळखतात. लॅबमधल्या दोघी मुलींना पाठवा."

"त्यांना फिल्डचा अनुभव कुठंय?"

"शिकवते मी. पण लवकर पाठवा, सर. मुलगी सायंटिस्ट असते हे लोकांच्या ध्यानात यायच्या आत जेवढी सॅम्पलं मिळतील, तेवढी घेऊन ठेवू."