राखेची पिशवी

खेचराच्या गळ्यातली घंटा वाजली की आत्या हातातलं काम जिथल्या तिथे टाकायच्या. नळ वाहता असेल तर वाहता. एकदा साबणाच्या हातांनी तशाच आल्या आणि टॅब्लेटच्या काचेवर फेस लागला. तो पुसण्यात जे अर्धं मिनिट गेलं त्याची हळहळ त्यांना आठवडाभर पुरली. घंटा खरी नव्हती आणि खेचरही खरं नव्हतं. या वयात त्यासाठी कसली धावता, असं शेजारीण विचारायची. धावते कुठे, जरा भरभर चालते, असं आत्यांचं उत्तर ठरलेलं.

खेळ शिकारीचा होता. दोन वर्षांपूर्वी आत्यांचा घोटा मोडला आणि दीड महिना पाय उशीवर ठेवून बसायची पाळी आली. तेव्हा भाचीने तो टॅब्लेटवर घालून दिला. भाची नर्स. आजाऱ्याला गप्प कसं बसवायचं हे तिचं रोजचंच काम. खेळात एक भलंमोठं जंगल होतं. त्यात आपापल्या घरी बसलेली माणसं टोळी करून जनावराचा माग काढत. भाचीच्या टोळीत सात जण होते. ती स्वतः, एक बेकरीवाला, बंदरावर क्रेन चालवणारा एक गृहस्थ, टायरच्या दुकानातले दोघे जुळे भाऊ, शाळेतल्या एक बाई, आणि सातव्या या. भाचीची आत्या ती सगळ्यांचीच आत्या झाली. क्रेनवाला त्यांच्याहून फार तर आठ वर्षांनी लहान असेल, पण त्याचीही आत्याच.

जंगलाच्या कडेला नदीचा धक्का होता. पंधरवड्यातून एकदा तिथे एक फेरीवाला यायचा. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, ते त्याचं त्यालाच ठाऊक. घंटा वाजवत यायचा, चाळीस मिनिटं थांबायचा, पुन्हा खेचर हाकत चालू लागायचा. त्याच्याकडच्या वस्तू दुसरीकडे कुठेही मिळत नसत. हरणाला साद घालणारी हाडाची शिटी, बर्फात न रुतणारे बूट, वाऱ्याची दिशा दाखवणारी राखेची पिशवी. यातलं एक जरी चुकलं, तर पुन्हा केव्हा मिळेल याचा नेम नाही. आणि हा बाबा यायचा नेमका भर दिवसा, टोळीतली माणसं कामावर असताना. क्रेनवाला तेव्हा चाळीस हात उंच, बेकरीवाल्याचे हात कोपरापर्यंत पिठात, भाचीचा फोन वॉर्डाबाहेरच्या कपाटात.

घरी एकट्या आत्या. तेव्हा ठरलं असं की घंटा वाजली की आत्यांनी सगळ्यांच्या नावाने आत जायचं आणि सगळ्यांची खरेदी करायची. सहा जणांनी आपापले पासवर्ड त्यांना देऊन टाकले. आत्यांनी ते निळ्या वहीत लिहिले आणि वही डाळीच्या डब्यामागे ठेवली.

हे काम त्यांच्या हातात बसायला वेळ लागला नाही, कारण तसलंच काम त्यांनी सोळा वर्षं केलं होतं. आत्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी, दिवा लागला की दोर उचलायचा, विचारायचं, जोडायचं, पुढचा दिवा. लोक डोळ्यांत तेल घालून वाट बघतात. आत्यांचं सगळं काम कानांवर, आणि कानांत तेल घालून ते होत नाही. भिंतीपलीकडे मिक्सर चालू असला तरी त्यांना घंटा ऐकू यायची. चाळीस मिनिटांत सात नावं, म्हणजे एकाला साडेपाच मिनिटं. एकीकडून बाहेर पडा, दुसरीकडून आत शिरा, धक्क्यावर जा, वस्तू घ्या. त्यांनी दोन वर्षांत कुणाची एक शिटी चुकवली नाही. फक्त एकदा बेकरीवाल्याला शिटीऐवजी बर्फातले बूट घेतले गेले. आत्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. बेकरीवाला भला माणूस, त्याने तेच लालभडक बूट घालून खेळातला सबंध उन्हाळा काढला आणि पुढेही पायातून काढले नाहीत.

पासवर्डांवरून माणसं कळतात. कुणाचा पासवर्ड गेलेल्या आईच्या नावाचा, कुणाचा एका मुलीच्या नावाचा, जी त्याची बायको नव्हती. आत्यांनी यातलं अवाक्षर कधी कुणाला सांगितलं नाही. एक्सचेंजचा पहिला धडाच तो होता. कानावर पडलं ते पोटात ठेवायचं.

एक गोष्ट मात्र कुणाच्या फारशी ध्यानात आली नव्हती. शिकारीच्या खेळात आत्यांनी शिकार अशी केलीच नव्हती. त्यांच्या नावावर दोन ससे होते, त्यातला एक जुळ्यांपैकी कुणीतरी आधीच जायबंदी केलेला. जंगलात खोल शिरलं की शिकार संपेपर्यंत बाहेर पडता येत नसे, आणि तेवढ्यात घंटा वाजली तर? म्हणून आत्या धक्क्याजवळच घुटमळायच्या. बाकीचे साठाव्या पायरीवर पोचले तरी त्या सातवीवरच. सुरुवातीला भाचीने दोनदा चल म्हटलं. नंतर तीही म्हणेनाशी झाली.

मग एका मंगळवारी, वाळलेले कपडे घड्या करताना, आत्यांनी खेळाची सूचना वाचली. खेळाडूंच्या आग्रहावरून फेरीवाला आता धक्क्यावर कायमचं दुकान थाटणार होता. त्याच्या सगळ्या वस्तू रोज, केव्हाही मिळतील. घंटा बंद.

आत्यांनी हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. छत्तिसाव्या वर्षी एक्सचेंजच्या सूचनाफलकावर असाच एक कागद लागला होता. नंबर आता आपोआप लागणार, लोकांच्या सोयीसाठी. लोकांची सोय झाली हेही खरंच, आत्या काही वेड्या नव्हत्या. पण त्या दिवशी मनात जे आलं होतं तेच आत्ताही आलं. आपली गरज संपली, आता ही माणसं आपल्याला कशाला विचारतील?

टोळीत सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. सूचनेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी दुकान उघडलं आणि बेकरीवाल्याचा निरोप आला. आज ऑर्डरी फार, आत्या, तेवढी माझी शिटी घ्याल का? दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंचा, वह्या तपासायच्यात. मग धाकट्या जुळ्याचा. मग भाचीचा. आत्यांनी घेतलं सगळं. मनात म्हणाल्या, दुकान उघडं असून काय उपयोग, जायला वेळ नको का माणसांना. त्या आठवड्यात त्यांनी दोन खोल्यांचे पडदे धुतले, इतक्या त्या खुशीत होत्या.

पुढच्या शुक्रवारी दुपारी, कुणी सांगितलेलं नसताना, आत्या सहज धक्क्यावर गेल्या. फेरीवाल्यापुढे एक शिकारी उभा होता. पायांत लालभडक बर्फातले बूट. आत्या दिसताच तो दचकला, होड्यांमागे पळाला आणि नाहीसा झाला. दोन मिनिटांनी निरोप आला. आत्या, आज मान वर करायला फुरसत नाही, तेवढी राखेची पिशवी घ्याल का?

हसावं की रडावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांना आला तो राग, आणि तो सगळा बेकरीवाल्यावरचा नव्हता.

एक्सचेंज आपोआप चालू लागल्यावर साहेबांनी आत्यांना काढलं नव्हतं. एक टेबल दिलं होतं, त्यावर एक फोन. अडीअडचणीची लाइन, असं नाव. चौदा महिन्यांत तो फोन अकरा वेळा वाजला. त्यातल्या नऊ वेळा, आवाज बदलून, तोंडावर रुमाल धरून, शेजारच्या खोलीतली त्यांची जिवाभावाची मैत्रीणच बोलत होती. आत्यांना वाईट वाटू नये म्हणून. पण जी बाई सोळा वर्षं आवाजांवर जगली तिला श्वास ओळखू येत नाही होय? नवव्या खेपेला आत्यांनी फोन खाली ठेवला, त्या शेजारच्या खोलीत गेल्या आणि चार लोकांत मैत्रिणीला नको नको ते बोलल्या. नंतर दोघी एकाच इमारतीत एकवीस वर्षं नोकरी करत राहिल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. मैत्रीण गेल्याचंही आत्यांना वर्तमानपत्रातून कळलं. फोन करणारीचा त्यात काही दोष नव्हता, हे कळायला त्यांना फार वर्षं लागली. तोवर सांगायला समोर कुणी उरलं नव्हतं.

म्हणून या वेळी आत्यांनी राग आवरला, ग्लासभर पाणी घेतलं आणि भाचीला फोन लावला. भाची ड्यूटी संपवून नुकतीच बाहेर पडली होती. आत्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "कुणी कधी मला सांगायचं, याच्या पाळ्या लावल्यात का तुम्ही?"

भाचीने आधी उडवाउडवी केली, मग कबूल केलं. तक्ता तिनेच केला होता. सोमवारी कोण, मंगळवारी कोण. नर्सच ती, तक्त्याशिवाय तिला काही सुचत नाही.

"तुला वाईट वाटू नये म्हणून गं."

"ते कळलं मला. पण पुन्हा टेबल नको देऊस."

कसलं टेबल, हे भाचीला ठाऊक नव्हतं. आत्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी ती गोष्ट सांगितली. नऊ फोन, रुमाल, एकवीस वर्षं, सगळं. भाची रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकत होती. मागे गाड्यांचे आवाज येत होते.

"मग तुला हवंय काय, आत्या?"

हा प्रश्न आत्यांनी स्वतःलाही कधी विचारला नव्हता. इतकी वर्षं दुसऱ्यांना काय हवं तेच विचारत आल्या होत्या.

"मला शिकारीला यायचंय," त्या म्हणाल्या.

भाची म्हणाली, टोळी क्रेनवाला चालवतो, आणि तो तिसाव्या पायरीखालच्या माणसाला बरोबर नेत नाही. विचारून बघ, आत्या म्हणाल्या, आणि नाही म्हणाला तर तसं सांग, माझ्यासाठी तक्ता करू नकोस. त्याच संध्याकाळी त्यांनी सहाही जणांना निरोप धाडला. आपापले पासवर्ड आजच्या आज बदला, यापुढे आपली खरेदी आपण करायची. वहीतली ती पानं फाडून बारीक तुकडे केले. क्रेनवाल्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. रविवारी चार वाजता, हेडफोन लावून, वेळेवर. एवढंच.

रविवारी साडेतीनलाच आत्या टेबलाशी बसल्या. कानाला हेडफोन किती वर्षांनी लावला होता. आजवर सगळं लिहून चालायचं, त्यामुळे टोळीचे आवाज त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. बेकरीवाल्याचा आवाज त्याच्या नावाच्या मानाने अगदीच बारीक निघाला. क्रेनवाल्याचा जाड आणि तुटक, वरून खाली सूचना द्यायची सवय असलेला.

माग होता शिंगाळ्याचा. टोळीने महिनाभर ज्याचा पिच्छा पुरवला तो थोरला सांबर. तासभर सगळे पावलं शोधत चालले. आत्यांना ओढ्याच्या वळणावर पडलेल्या ओंडक्यामागे बसवलं गेलं. बसायचं, हलायचं नाही, सांगितल्याशिवाय बार काढायचा नाही. आत्या श्वास धरून बसल्या. झाडीतून शिंगं दिसली, मग मान, मग सबंध जनावर. आणखी वीस पावलं आलं असतं. एकदम त्याने डोकं वर केलं, नाक फेंदारलं, आणि उलट्या दिशेने जे सुटलं ते दिसेनासं झालं.

लाइनवर कुणी बोलेना. शांततेचे प्रकार आत्यांना पाठ होते. लाइन तुटल्याची वेगळी, आणि माणसं शब्द निवडत असतात ती वेगळी. ही दुसरी होती. आता तक्ता निघणार, त्यांनी ओळखलं.

"काही हरकत नाही हं आत्या," बेकरीवाला म्हणालाच, "पहिल्या वेळी असं..."

"हरकत कशी नाही?" क्रेनवाल्याने त्याला मध्येच तोडलं. "महिना गेलाय या जनावरामागे. आत्या, वारा तुमच्या पाठीवरून त्याच्याकडे जात होता. वास गेला त्याला. दोन वर्षं आम्हाला राखेच्या पिशव्या आणून दिल्यात. एक स्वतः फुंकून बघायला काय झालं होतं?"

भाचीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं असावं, कारण क्रेनवाला तिलाही म्हणाला, तू थांब.

आत्यांचे कान तापले. चूक त्यांचीच होती आणि तो तसं तोंडावर म्हणत होता. चौदा महिने टेबलामागे बसल्या, तेव्हा कुणी त्यांना एकदाही रागावलं नव्हतं. रागावण्यासारखं काही त्यांच्या हातात ठेवलंच नव्हतं. आत्यांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि समोरचं नीट दिसेना म्हणून त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आता?"

"आता उठा. ओढ्यापलीकडे उतरलाय तो, लांब गेलेला नाही. आधी पिशवी काढा."

आत्यांनी ओंडक्यामागून उठून ओढा ओलांडला. पलीकडच्या झाडीत उभं राहून पिशवी उघडली आणि चिमूटभर राख उडवली. ती हवेत क्षणभर घोटाळली आणि सरळ त्यांच्याच तोंडावर आली.

"आता बरोबर उभ्या आहात," क्रेनवाला म्हणाला. "बार तुम्ही काढायचा. मी सांगेन तेव्हा."