अक्कांच्या अंगणातली खडूची रेघ

जळगावच्या आमच्या घरावर आईसाठी एक खोली चढवायची होती. नियमाप्रमाणे शेजारच्या बाजूला सोडायची जागा कमी भरत होती, म्हणून सवलतीचा अर्ज केला. शेजारच्या अक्कांची ना-हरकत सही मी आधीच घेतली होती. त्यांनी ती न वाचता केली, कारण मागणारा मी होतो.

पाहणीला नगररचना विभागातला एक माणूस आला. नाव मी विचारलं नाही. कानावर पेन्सिल, खिशात खडू. चहा नको म्हणाला आणि सरळ अक्कांच्या अंगणात गेला. उन्हाकडे बघत, पावलं मोजत त्याने फरशीवर एक रेघ ओढली.

"अक्का, यांची खोली झाली की सावली इथपर्यंत येईल."

अक्कांनी रेघेच्या आत वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांकडे बोट दाखवलं. "भाऊ, मना बठ्ठा बिबडा आठेच वाळतस."

तो माझ्याकडे वळला. "सही घेताना हे दाखवलं होतं?"

मला भयंकर राग आला, कारण दाखवलं नव्हतं. त्याने मात्र नकाशा गुडघ्यावर पसरला आणि पेन्सिलीने खोली अक्कांच्या अंगणापासून मागे सरकवली. "असा अर्ज करा. सवलत लागणारच नाही."

खोली झाली. दर उन्हाळ्यात ज्वारीचे पहिले बिबडे अक्का आईलाच पाठवतात.

त्याचे आभार मानायला मी दोनदा कार्यालयात गेलो. दोन्ही वेळा त्याची खुर्ची रिकामी होती. पाहणीला गेलेत, म्हणाले. म्हणजे कुणाच्या तरी अंगणात उन्हाकडे बघत उभा असणार.