अण्णांचं दुखणं आणि माझं शुद्ध मराठी

"पोट कुठं पळून जातंय, स्वामी? आधी बाकीचं लिवा."

पत्र सांगायला बसले की अण्णांचं पहिलं वाक्य हे असे. स्वामी म्हणजे मी; इकडं कुणालाही आदरानं तसं म्हणतात. चटईवर मांडी घालत, चष्मा कपाळावर चढवत आणि माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत राहत. मी काय लिहितोय ते त्यांना वाचता येत नसे. पेन चाललंय की थांबलंय, एवढं मात्र कळे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुखणं सांगायला बसतात आणि आधी नळाला पाणी कधी आलं ते सांगतात, मग जावयाची बदली, मग शेजारच्या घरातलं भांडण. दुखणं येतं सगळ्यात शेवटी, निघालेल्या पाहुण्याला उंबऱ्यात काहीतरी आठवावं तसं.

अण्णा चिकपेटेतले शिंपी. साड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांचं मशीन होतं. मागच्या गल्लीत घर, आणि त्या घराच्या माडीवर मी भाड्यानं राहत होतो. सरकारी कारखान्यात नुकताच लागलेला, साताऱ्याकडचा, अविवाहित इंजिनिअर. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बेंगळुरात आलेलं. घरात मराठी बोलत, पण लिहिणं-वाचणं सगळं कन्नडमध्ये. त्यामुळे पुण्याला पत्र पाठवायचं तर माझ्यावाचून त्यांचं अडे.

पत्र जाई पुण्याच्या एका डॉक्टरांना. टपालानं दुखणं कळवायचं, ते टपालानं सल्ला देत. कधी पुड्यांचं पार्सल येई. त्या काळी यात कुणाला नवल वाटत नसे. एका सोलापूरच्या नातेवाइकानं पत्ता आणून दिला होता. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असताना पुणं कशाला, असं मी एकदा विचारलं.

"देवाशी आणि डाक्टराशी घरच्या भाषेत बोलायचं," अण्णा म्हणाले. "कन्नडात मी गिऱ्हाइकाशी बोलतो की. पोटाचं बोलायला येत नाही."

डॉक्टरांचं पहिलंच उत्तर आलं, त्यात औषधाआधी एक सूचना होती. रुग्ण बोलेल ते सगळं लिहा, क्षुल्लक वाटलं तरी लिहा. त्यातलं काय घ्यायचं ते मी ठरवीन. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. अण्णा खूश झाले. स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलीस का? शहाणा माणूस आहे. तू तर अर्ध्यात उठून जातीस."

"अर्धं तरी ऐकते की," आतून अक्का, त्यांची बायको, म्हणाल्या.

ती सूचना मी वाचली आणि विसरलो. विसरलो हे खरं नाही. मला ती पटली नाही. कारखान्यात आमचे साहेब अहवालातल्या जादा शब्दांवर लाल रेघ ओढत. थोडक्यात लिहिणं म्हणजे हुशारी, हे माझ्या अंगात मुरलं होतं. आणि दुसरं, जे इतकी वर्षं मी स्वतःशीही नीट कबूल केलं नाही, ते म्हणजे मला अण्णांच्या मराठीची लाज वाटे. 'मी खाल्लो', 'मी बघितलो', 'स्वल्प दुखतंय'. हे पुण्याचा माणूस वाचणार, आणि अक्षर माझं. तो हसेल तर मलाच हसेल, असं वाटे.

म्हणून अण्णा घटकाभर बोलत आणि मी चार ओळी लिहीत असे. 'जेवणानंतर पोटात जडपणा. शौचास साफ नाही. भूक मंद. झोप बरी.' मग ते वाचून दाखवत असे.

"किती छान लिवता," अण्णा मान डोलावत म्हणत. "माझं पोट वाटतच नाही."

आम्ही दोघंही हसत असू.

काय काय गाळलं ते आता सांगतो. पाण्याचा घडा ते एकटेच रिकामा करतात म्हणून अक्का ओरडतात, हे गाळलं. घरगुती गोष्ट म्हणून. मशीनवर पाय चालतोय की थांबलाय ते आवाजावरून कळतं, पायाला कळत नाही, हे गाळलं. म्हातारपण म्हणून. आणि चपलेची गोष्ट गाळली, ती विनोद म्हणून.

एका रविवारी ते हसत हसतच सांगत होते. "काल काय झालं, स्वामी. दुकानातनं घरी आलो. अक्का दारात. म्हणाली, एक चप्पल कुठं टाकलात? खाली बघितलो, तर खरंच एकच. वाटेत कुठं सुटली, ठाऊकच नाही. परत गेलो. पेठेतल्या शेटनं उचलून पायरीवर ठेवलेली. म्हणतो, अण्णा, एका पायाचं भाडं द्या. बघा तमाशा."

मी पोट धरून हसलो. पेन चटईवर ठेवलं होतं. अण्णा हसता हसता त्या पेनाकडे बघत होते, हे मला त्याही वेळी दिसलं होतं. "हे पण लिवायचं का?" त्यांनी विचारलं.

"हे कशाला? डॉक्टरांना पोटाचं हवंय."

"सरी," अण्णा म्हणाले. बरं, ठीक, या अर्थानं ते हा कन्नड शब्द नेहमीच वापरत.

त्या पत्राला उत्तर आलं : ताक घ्या, मिरची कमी करा, संध्याकाळी फिरा. अण्णा इमानानं फिरायला लागले.

पुढं काही महिन्यांनी अक्कांना फरशीवर रक्ताचे डाग दिसले. दारापासून चटईपर्यंत. अण्णांच्या तळव्यात मशीनची मोडकी सुई रुतली होती. कधी रुतली, त्यांना माहीत नव्हतं. जखम आतून पिकली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरनं साखर तपासली, टाचणी घेऊन तळव्याला टोचत गेला, आणि अण्णा वर पंख्याकडे बघत राहिले. डॉक्टर चिडून म्हणाला, "पाय बधिर होऊन इतके दिवस झाले, कुणाला सांगितलं नाही?"

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

वॉर्डात अक्कांनी मला विचारलं. त्या मला तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. "तम्मा, चप्पल सुटते, पाय कळत नाही, हे सगळं पुण्याला लिवलं होतं ना?"

मी म्हणालो, "लिहिलं होतं, अक्का."

अण्णा जागे होते. कधीपासून, ते मला कळलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अक्कांकडे.

"लिवले की," ते म्हणाले. "मी समोरच बसलो होतो. बघितलो." आणि मग, "त्यांना कॉफी दे. कारखान्यातनं सरळ आलेत."

अक्कांनी थर्मासमधली कॉफी मला दिली आणि मी ती प्यायलो.

त्यानंतर अण्णांनी मला पत्र लिहायला सांगितलं नाही. मी रविवारी खाली जात असे. हातानं फिरवायचं मशीन आणलं होतं, पण एका हातानं कापड धरणं त्यांना जमेना. ते माझ्या कारखान्याची चौकशी करत, लग्नाचं बघताय का म्हणून विचारत. स्वतःविषयी विचारलं की म्हणत, "बरं आहे." तेवढंच. घटकाभर बोलणारा माणूस माझ्यापेक्षा थोडक्यात बोलायला लागला होता. दुसऱ्या पायालाही जखम झाली, ती त्यांनी अक्कांनासुद्धा सांगितली नाही. त्यातच गेले.

मी आज बेंगळुरातच, व्हाइटफील्डला मुलाकडे असतो. परवा त्यानं मोबाइलवर डॉक्टर लावून दिला. मी सांगायला लागलो, की हल्ली सकाळी पेपर उचलताना कसं होतं, तर मुलगा शेजारून म्हणाला, "बाबा, मेन प्रॉब्लेम सांगा ना." पडद्यावरची डॉक्टर मुलगी वाट बघत होती. तेव्हा ठरवलं, की हे आता लिहून टाकायचं. कारण चिकपेटेतल्या आपल्या लोकांत अजून बोललं जातं, की पुण्याच्या एका डॉक्टरनं टपालानं उपचार करून एका शिंप्याचा पाय घालवला. माणूस खुळा, पोस्टाकडून औषध घेत होता, असंही हसून सांगतात. अण्णा खुळे नव्हते. त्यांनी सगळं सांगितलं होतं. आणि डॉक्टरांनी सगळं मागितलं होतं.

एवढ्यानं हिशेब पुरा होत नाही.

अण्णांच्या तेराव्यानंतर अक्कांनी मला खाली बोलावलं. मशीनवर चादर टाकलेली होती. म्हणाल्या, "तम्मा, त्या डाक्टराला पत्र लिवायचं. मी सांगते."

त्या भिंतीला टेकून सांगत गेल्या. तुमच्यावर देवासारखा विश्वास ठेवला. पाय कळत नाही म्हणून लिवलं, तुम्ही ताक प्या म्हणालात. चालता माणूस खाटेवर घातलात. तुमच्या घरी कुणी आहे का, त्याचा पाय असा जाऊ दे, मग कळेल. इथं त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "नको, ते शेवटचं नको." मग म्हणाल्या, "राहू दे. लिव."

मी लिहिलं. त्यांच्या बोलीत, जसंच्या तसं, एक शब्द न गाळता. पत्र पेटीत टाकलं तेही मीच.

आठवड्याभरात उत्तर आलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, की पायाविषयीचं पत्र मला सापडत नाही. पण आपण लिहिलं होतं म्हणता, तर ते माझ्या नजरेतून सुटलं असणार. यापुढे टपालानं रोगी पाहणार नाही. बाई, मला क्षमा करा.

अक्का म्हणाल्या, "काय म्हणतोय?"

मी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.